शनिवारपर्यंत न टिकणारं फळ

दसऱ्याचे दिवे उतरवायला लागले की मैसूर पुन्हा घरच्यासारखं दिसायला लागतं. चौकाचौकांत शिड्या लागतात, बल्बांच्या माळा गुंडाळून ट्रकमध्ये पडतात. बसच्या पुढच्या काचेवर बांधलेला झेंडू वाळून तपकिरी होतो आणि तसाच आठवडाभर हुन्सूर रस्त्यानं धावत राहतो. पाहुणे परत गेलेले असतात. पाऊस गेला म्हणावं तर संध्याकाळी एखादी सर हळूच येऊन अंगण ओलं करून जाते. आणि येलवालच्या बाजूनं येणाऱ्या बायका हिनकलच्या स्टॉपवर पाट्या मांडून बसतात. पाटीत सीताफळं असतात, पाल्यात झाकलेली, कडक, अजून डोळे मिटलेली.

बाकी गावाला हा ऋतू काहीतरी संपल्याचा वाटतो. आमच्या घरात मात्र तो आरंभाचा. आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. बाबांना रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी लागली म्हणून ते अलिबागकडचं गाव सोडून मैसूरला आले आणि हिनकलला घर बांधून राहिले. नव्याचा सण, दारफळणीचा उपास, मांडवाचा सण असं सगळं एकामागून एक संपलं की याच दिवसांत आमची तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, वाचून पूर्ण होते, आणि पूर्ण झाली की लगेच पहिल्यापासून सुरू होते. दर शनिवारी वाचायच्या भागाला आम्ही पाराशा म्हणतो. वर्षातली पहिली पाराशा बेरेशिथ. जग निर्माण होतं, बाग लागते, आदाम येतो, हव्वा येते, साप येतो, आणि मग ते फळ.

लोक विचारतात, ते सफरचंद ना? नाही. आमच्या पुस्तकात त्या फळाचं नावच नाही. आणि नाव नाही म्हणून मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं की ते सीताफळ असणार. ज्यासाठी माणूस स्वर्ग सोडेल असं दुसरं फळ मला तरी ठाऊक नव्हतं, अजूनही नाही.

यंदा हे सगळं आठवायला कारण झालं. आमच्या घरात बेरेशिथ कोण वाचणार, यावरून पंधरा दिवस ठाणे, इस्राएल आणि हिनकल अशी तीन ठिकाणं पेटलेली होती. ठाण्यात दानियल काका आहेत, बाबांचे धाकटे भाऊ. इस्राएलमध्ये माझा मोठा भाऊ एलिया. हिनकलमध्ये मी आणि बाबा. मी म्हणत होते मी वाचणार. ते दोघे म्हणत होते बाईनं वाचायची आपली रीत नाही. आणि बाबा काहीच म्हणत नव्हते.

बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. जीभ थोडी जड झाली. डोळ्यांसमोर अक्षरं पोहायला लागली. तेव्हापासून एलिया दर शुक्रवारी तिकडून स्वतःच्या आवाजात पाराशा वाचून पाठवतो आणि शनिवारी सकाळी मी ती फोनवर लावते. यातली गंमत तुम्हीच बघा. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, यंत्राला हात लावायचा नाही हे आम्हाला लहानपणापासून घोकून घोकून शिकवलेलं. दिव्याचं बटणसुद्धा नाही. पण बाईच्या आवाजापेक्षा फोन परवडला! मी हे दानियल काकांना म्हटलं तर ते म्हणाले, "रिबका, तू शब्दात नको पकडू. मोठ्यांचं ऐकावं." माझं वय त्रेपन्न. मला अजून मोठं व्हायचं आहे म्हणे.

पण मी चिडले ती रीतीवरून नाही. चिडले ती बाबांच्या बोटामुळे. माझ्या आजोबांनी सगळी तोरा मराठीत उतरवून काढलेल्या वह्या आमच्याकडे आहेत. बाबा त्यातली पहिली वही मांडीवर घेतात, डावं बोट पहिल्या ओळीवर ठेवतात आणि फोनमधून एलिया वाचू लागला की ओठ हलवू लागतात. एलिया भरभर वाचतो, त्याला तिकडे शंभर कामं. तो आदामाला झोपवून फासळी काढतो तेव्हा बाबांचं बोट अजून पक्ष्यांवर आणि माशांवर असतं. मग ते थांबतात. बोट तिथंच राहतं, आवाज पुढे निघून जातो. गेल्या वर्षी मी हे बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी मी वाचेन, या बोटाच्या चालीनं वाचेन, मग कितीही वेळ लागो.

आता फळाकडे येते.

बाबांची एक स्वतःची रीत होती. तोरेत ती कुठे सापडायची नाही, ठाण्याच्या लोकांनीही ऐकलेली नाही. बेरेशिथच्या आठवड्यात रविवारी सकाळी ते एक फळ आणत, पितळी ताटलीत ठेवत आणि ताटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून देत. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्या फळाला कुणी हात लावायचा नाही. "आदामाला जमलं नाही," ते म्हणत, "बघू तुम्हाला जमतं का." आणि नियम एकच: "ज्यानं खाल्लं, त्यानं या वर्षी वाचायचं नाही." हा नियम खरं तर एलियासाठीच होता, कारण वाचणारे पुरुषच. मैसूरात आमचं देऊळ नाही. वाचनाला दहा पुरुष लागतात आणि दहात बाई धरत नाहीत. आम्ही घरात चौघं होतो, धरल्यास दोघे, म्हणून आमचं वाचन घरच्या घरी. आई म्हणायची, "बायकांनी दिवा लावायचा, पुरुषांनी वाचायचं. दिवाच नसला तर वाचतील कसे?" ती असं म्हणून हसायची. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

एलिया तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्यानं पहिल्यांदा वाचलं. त्या वर्षी ताटलीत पेरू होता. शनिवारी रात्री अवदाला, शब्बाथ संपवायची प्रार्थना, झाली, मेणबत्ती विझवली आणि बाबांनी पेरू उचलला तर मागच्या बाजूला दातांचा एवढा मोठा घास! दादानं बुधवारीच चावा घेऊन खाल्लेली बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली होती. तीन दिवस तो पेरू आमच्याकडे साळसूदपणे बघत होता. बाबा इतके हसले की आईलाही हसू आवरेना. दादाचं वाचन तर सकाळीच होऊन गेलं होतं. काळ्या मनुकांचं सरबत पिऊन आम्ही सगळे झोपलो. मी नऊ वर्षांची होते, मीही हसले. हसले खरी, पण तो पेरू मी विसरले नाही.

मला बारा पूर्ण झाली त्या वर्षी बाबांनी नव्याच्या सणाला जेवताना एकदम सांगितलं, "यंदा हव्वेचा भाग रिबका वाचेल. मराठीतून." आईचा हात वाढता वाढता थांबला. "वाचू दे," बाबा म्हणाले, "घरातच तर आहे." तो महिना मी जमिनीवर नव्हते. वही घेऊन मागच्या पायरीवर बसायची आणि तेव्हाच्या हिनकलच्या रागीच्या शेतांना मोठ्यानं वाचून दाखवायची. आता तिथं तीन मजली इमारती आहेत. शेतात चरणाऱ्या दोन म्हशींना तो भाग माझ्याइतकाच पाठ झाला असेल.

त्या रविवारी फळ बाजारातून आलं नाही. ते शेजारच्या सावित्रीअक्कांनी दिलं. अक्कांचं घर विठ्ठलाच्या भक्तांचं, सात पिढ्या मैसूरात, धंदा शिवणकामाचा. त्यांची मराठी ऐकली तर पुण्याचा माणूस खुर्चीवरून पडेल आणि कन्नड ऐकली तर धारवाडचा. त्यांच्या परसात सीताफळाचं झाड होतं. रीत ऐकून त्या म्हणाल्या, "पेरू काय ठेवतो अण्णा, पेरूसाठी कोण पाप करतो? हे घे. ह्याला म्हणायचं हण्णु, फळ." बाबांना पटलं. परीक्षा घ्यायची तर खरी घ्यावी. दोन्ही तळव्यांत न मावणारं ते फळ त्यांनी ताटलीत ठेवलं. त्या दोघांच्याही एक गोष्ट लक्षात आली नाही. अक्कांच्या यायला हवी होती. बाबा कोकणातले, त्यांच्याही यायला हवी होती. पेरू थांबतो, मोसंबं थांबतं. सीताफळ थांबत नाही.

सोमवारी ते दगडासारखं होतं. मंगळवारी खवल्यांच्या मधे पांढरट रेघा दिसल्या. बुधवारी डोळे उघडले. गुरुवारी शाळेतून आले तर घरभर वास. मी ताटलीजवळ गेले. देठापाशी एक चीर गेली होती, आत पांढरा गर दिसत होता आणि खिडकीच्या कडेवरून मुंग्यांची रांग निघाली होती. अक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गे रिबके, आज खाल्लं तर अमृत. नाळे म्हणजे उद्या, माती! सुम्ने, उगाच कशाला नासवता?"

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मला आठवतं ते एवढंच, की मोह झाला म्हणून मी ते खाल्लं असं नाही. वाचायचा मोह त्याहून कितीतरी मोठा होता, महिनाभर मी त्याच्यावर जगत होते. मला राग आला. शनिवारी संध्याकाळी बाबा ताटली उचलतील, त्यात काळं पडलेलं, पाणी सुटलेलं, मुंग्यांनी भरलेलं काहीतरी असेल, आणि आम्ही म्हणू, शाबास, जमलं. कुणाला जमलं? कशासाठी? ज्या झाडानं ते वाढवलं त्याचं काय? मी ताटली घेतली, पायरीवर बसले आणि ते आख्खं सीताफळ खाल्लं. बिया मोजून म्हशींच्या दिशेनं थुंकल्या. चाळीस वर्षांत अनेक सीताफळं खाल्ली, त्याच्यासारखं एकही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बाबा वर्कशॉपातून लवकर आले, शब्बाथचं आवरत होते, आणि त्यांना रिकामी ताटली दिसली.

"फळ कुणी खाल्लं?"

"मी नाही," दादा म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या फ्रॉकवर गराचा डाग होता. "खार आली असेल," आई म्हणाली. "कालपासून खिडकीशी घुटमळत होती मेली."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला काही खवखवलं नाही. आईनं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. एक शब्दही बोलायचा नव्हता, नुसतं गप्प राहायचं होतं. खारीवर ढकलून मी शनिवारी वाचू शकले असते. पण महिनाभर मी तोच भाग पाठ करत होते. त्यात विचारणा होते तेव्हा आदाम आधी बाईचं नाव घेतो, आणि वर देवालाच सुनावतो की ती तूच दिलीस. बाई सापाचं नाव घेते. खाल्लं हे दोघंही कबूल करतात, पण सगळ्यात शेवटी. मला तेव्हापासून वाटतं, बाग गेली ती खाल्ल्यामुळे नाही, या लांबणीमुळे गेली.

"मी खाल्लं," मी म्हटलं. "गोड होतं."

बाबांनी ताटली खाली ठेवली. "रिबका वाचणार नाही," ते म्हणाले. एवढंच. आवाजही चढवला नाही.

मग मात्र मी चढवला. पेरू काढला. "दादानं खाल्लं आणि लपवलं तर तुम्ही हसलात! मी सांगितलं तर शिक्षा?" बाबा म्हणाले, "तेव्हा त्याचं वाचून झालं होतं." मी म्हटलं, म्हणजे लपवणाऱ्यानं वाचायचं आणि सांगणाऱ्यानं गप्प बसायचं! आणि मग पाठांतराचा सगळा माल बाहेर काढला. "आणि हव्वेचं म्हणाल तर देवानं हुकूम दिला तेव्हा ती जन्मलीच नव्हती. वहीत बघा. आधी हुकूम आहे, मग झोप, मग फासळी. तिला कुणी सांगितलंच नव्हतं!"

"पण तुला सांगितलं होतं," बाबा म्हणाले.

आहे, मुद्दा आहे. तो तेव्हाही होता, आजही आहे. मला सांगितलं होतं, मराठीतून, दोनदा. या वाक्यामुळेच मी त्या रात्री इतकी रडले असेन. शनिवारी दादानं हव्वेचा भाग वाचला. दोन ठिकाणी अडखळला. मला पाठ होतं, पण मी ओठ आवळून बसले आणि त्याला शब्द दिला नाही.

मी पुन्हा मागितलं नाही, त्यांनी पुन्हा दिलं नाही. हट्ट आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. पण रीत चालू राहिली आणि पुढच्या वर्षी रविवारी मीच अक्कांच्या झाडाचं सीताफळ आणून ताटलीत ठेवलं. ते पिकलं त्या दिवशी, बुधवार की गुरुवार, मी ते उघडपणे खाल्लं. बाबांनी विचारलं, "कुणी खाल्लं?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मग वाचायचं नाही." मी म्हटलं, "नाही." असं प्रत्येक वर्षी झालं. एलिया लग्न करून इस्राएलला गेला. आई गेली. मी लग्न केलं नाही, ती आणखी एक न ऐकलेली गोष्ट, तिच्यावर वेगळा लेख होईल. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात माल तपासायची नोकरी धरली, चूक दिसली की परत पाठवायचं. म्हणजे नाही म्हणायचा मला पगार मिळतो. बाबा म्हणतात कारखान्यानं माणूस बरोबर निवडला. आणि दर वर्षी ऑक्टोबरात आम्ही दोघं खिडकीपाशी तीच तीन प्रश्नोत्तरं म्हणत राहिलो. एखाद्या प्रार्थनेसारखी ती आम्हाला पाठ झाली होती.

मोह म्हणजे वाईट आणि आज्ञा म्हणजे चांगली, असं मला अजूनही सरसकट म्हणता येत नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपणच म्हणतो आणि मग मनाचं करणाऱ्या बाईला बागेबाहेर काढतो. आणखी एक गोष्ट वहीत आहे, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. देव म्हणाला, खाऊ नका. हव्वा सापाला सांगते, खाऊ नका आणि हातही लावू नका. हे हात लावायचं कुठून आलं? ते देव बोललाच नव्हता. आदामानं वाढवलं की तिनं, कोण जाणे. पण आज्ञा अशीच वाढते. खाऊ नका, मग हात लावू नका, मग वास घेऊ नका, मग खिडकीशी उभ्या राहू नका, मग बाईनं वाचू नये. दानियल काका ज्याला रीत म्हणतात ती मूळ हुकमावर चढलेली अशी सालंच सालं आहेत. माझं भांडण देवाशी कधीच नव्हतं. ते या सालांशी आहे.

आता यंदाचा पेच तुमच्या लक्षात आला असेल. यंदा मला वाचायचं होतं. आणि वाचायचं तर बाबांचा नियम आडवा. बाकी कुणाचाही नियम मी मोडला असता. ठाण्याचा, इस्राएलचा, सगळ्या जगाचा. पण बाबांच्या नियमानं मी चाळीस वर्षं प्रामाणिकपणे हरले होते. तो एकच खेळ आम्हा दोघांचा होता, त्यात खोटं कसं खेळणार? रविवारी अक्कांकडून फळ आलं. अक्का आता ब्याऐंशीच्या, झाड म्हातारं झालंय, पण दोघंही दरसाल फळ देतात. मी ते ताटलीत ठेवलं आणि स्वतःला बजावलं: या वर्षी खायचं नाही. सडू दे. त्रेपन्नाव्या वर्षी एकदा आज्ञाधारक मुलगी होऊन बघ.

बुधवारी रात्री दानियल काकांचा फोन आला. "जोवर थोरला, तुझा बाप, आहे तोवर वाचन त्याचं," ते म्हणाले. "तो वही धरून बसला तरी ते त्याचंच वाचन. तू मधे पडू नको. त्याच्या हातातून काढून घेऊ नको." मी फोन ठेवला. बाबा खुर्चीत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तरी काही बोला." ते खिडकीकडे बघत राहिले. त्या रात्री मला त्यांचा फार राग आला. बोलता येत होतं त्यांना, सावकाश का होईना, येत होतं.

गुरुवारी सकाळी फळानं डोळे उघडले होते. मी डबा भरला, त्याच्याकडे न बघता बाहेर पडले. दिवसभर कारखान्यात माझ्या हातांना तो वास येत होता. दोन पेट्या उगाच परत पाठवल्या. संध्याकाळी बसमध्ये, खिडकीशी उभी राहून, वाळलेल्या झेंडूकडे बघत मी विचार करत आले. शनिवारी तीन तारे दिसल्यावर बाबांसमोर मी एक सडलेलं फळ धरणार, आणि त्याच्या बदल्यात सकाळी मला वाचायला मिळालेलं असणार? तसं वाचलेलं मला गिळवेल का? हिनकल यायच्या आत ठरलं होतं. घरी जायचं, ते फळ खायचं. आणि शनिवारी वाचायचंसुद्धा. नियम मोडून, बाबांसमोर, उघडपणे. काय व्हायचं ते होऊ दे.

दार उघडंच होतं. चपला काढून तडक स्वयंपाकघरात गेले. ताटली रिकामी.

बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत बसले होते. शेजारी स्टुलावर सावित्रीअक्का. बाबांच्या सदऱ्यावर, पोटापाशी, गराचा डाग. डाव्या हाताची बोटं चिकट. मांडीवरच्या वर्तमानपत्रावर साल आणि काळ्या बिया, नीट एका बाजूला गोळा केलेल्या.

"फळ कुणी खाल्लं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बाबांसारखा वाटला.

अक्का घाईघाईनं म्हणाल्या, "अय्यो, बेक्कु आलं असेल गे, मांजर! खिडकी सताड उघडी, मी म्हणालेच अण्णाला..."

बाबांनी डावा हात वर केला.

"मी खाल्लं," बाबा म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द न शब्द कळला. आणि मग, "गोड होतं."

मी हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं. एका हातानं, स्वयंपाकघरापर्यंत काठी टेकत जाऊन, ताटली न पाडता, या माणसानं ते फळ आणलं होतं. ज्यानं पन्नास वर्षं त्या ताटलीला शनिवारआधी बोट लावलं नव्हतं. मी तिथंच खाली बसले, त्यांच्या पायांशी.

"नियम?" बाबा म्हणाले.

"ज्यानं खाल्लं," मी म्हटलं, "त्यानं वाचायचं नाही."

त्यांनी मान हलवली. मग फोनकडे बोट केलं. मी एलियाला लावला. पलीकडून तो म्हणाला, "रिबकू, रेकॉर्डिंग तयार आहे, उद्या सकाळी पाठवतो." मी फोन बाबांच्या कानाशी धरला. त्यांनी दोनदा श्वास घेतला.

"नको पाठवू," ते म्हणाले. "रिबका वाचेल."

पलीकडे एलिया काय काय बोलत होता. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दानियलला सांग, मी खाल्लंय. माझं वाचन गेलं." आणि मला खूण केली, बंद कर.

शनिवारी सकाळी ऊन पडलं होतं. अक्का दारात येऊन बसल्या, त्यांचं ते पुस्तक नव्हतं पण त्यांना ऐकायचं होतं. मी बाबांच्या खुर्चीला खुर्ची लावली, आजोबांची वही दोघांच्या मांडीवर अर्धी अर्धी ठेवली. बाबांचं बोट पहिल्या ओळीवर आलं. मी वाचू लागले. बोट हललं की पुढचा शब्द, थांबलं की थांबायचं. उजेड व्हायलाच पाच मिनिटं लागली. पक्षी झाले, मासे झाले, जनावरं झाली, बाग झाली. मग हुकूम आला. या झाडाचं खाऊ नकोस. मी ओळ संपवली आणि मला राहवलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "बघा. अजून ती जन्मलीच नाहीये."

बाबांचं बोट ओळीवरच होतं. त्यांनी डोळे वर केले नाहीत.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ठाऊक आहे. वाच पुढे."